बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आलिशान रिसॉर्ट: बुकिंगपासून परतीपर्यंत

फोटो पाहून कॅरिबियनमधलं रिसॉर्ट निवडायला बसलात तर हाती काहीच लागत नाही. सगळीकडे तेच निळं पाणी, तीच पांढरी वाळू, तीच माडाखालची आरामखुर्ची. पण सीझनमध्ये एका रात्रीला हजार डॉलर सहज पडतात अशा ठिकाणी आठवडाभर राहायचं असेल, तर त्या पैशांत काय मिळतं, काय मिळत नाही आणि काय आपलं आपणच मिळवायचं असतं, हे आधी कळलेलं बरं. म्हणून मी इथे एकच बेट घेतलंय, बार्बाडोस. लंडन, न्यूयॉर्क आणि टोरांटोहून तिथे थेट विमानं जातात, भारतीय पासपोर्टवर प्रवेश सोपा आहे आणि आलिशान बीच हॉटेलांची तिथली परंपरा साठ वर्षांहून जुनी आहे. माझं मत आधीच सांगते: हॉटेलचे स्टार बघण्याआधी बेटाची बाजू बघा. आणि हॉटेल कितीही देखणं असलं तरी निदान दोन दिवस त्याच्या फाटकाबाहेर काढा.

आधी किनारा, मग हॉटेल

बार्बाडोस जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षाही लहान. तरी पूर्वेचा आणि पश्चिमेचा समुद्र एकाच बेटाचा आहे यावर विश्वास बसत नाही. पूर्वेला अटलांटिकच्या लाटा थेट आदळतात. बाथशीबाचा किनारा डोळ्यांचं पारणं फेडतो, पण तिथे पोहायला उतरू नये; पाणी आत ओढतं. दक्षिणेला लाटा मध्यम, हॉटेलं त्या मानाने स्वस्त आणि रात्रीची वर्दळ जास्त. पश्चिमेला, होलटाउनपासून स्पाइट्सटाउनपर्यंत, बेटाच्या आडोशामुळे पाणी तळ्यासारखं शांत असतं. याच पट्ट्याला ‘प्लॅटिनम कोस्ट’ म्हणतात. १९६१ मध्ये इथे सँडी लेन हॉटेल उघडलं आणि हा किनारा श्रीमंतांचा हिवाळी मुक्काम झाला. सोबत लहान मुलं किंवा सत्तरीतले आईवडील असतील तर दुसरा विचारच करू नका, पश्चिम किनाराच घ्या.

बाजू निवडण्याचं आणखी एक कारण आहे, सारगॅसम. हे तरंगणारं तपकिरी शेवाळ २०११ पासून दरवर्षी कमीजास्त प्रमाणात कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर ढिगांनी येऊन पडतं. कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. वसंतापासून ऑगस्टपर्यंत त्याचा जोर असतो, आणि ते अटलांटिककडून येत असल्यामुळे पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला त्रास जास्त. पश्चिम किनारा बहुतेक वेळा वाचतो. कोणत्याही बेटावर उन्हाळ्यात जाणार असाल तर हॉटेलला ईमेल करून सरळ विचारा: गेल्या महिन्यात तुमच्या किनाऱ्यावर सारगॅसम किती आलं होतं? चांगली हॉटेलं खरं उत्तर देतात.

कधी जावं

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कोरडी हवा, वारा आणि सर्वांत चढे दर. नाताळ-नवीन वर्षाच्या पंधरवड्यात तर हॉटेलं किमान सात-दहा रात्रींचं बुकिंग मागतात आणि गाला डिनरचे वेगळे पैसे लावतात. हरिकेनचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य सर्वांत धोक्याचा. बार्बाडोस बेटांच्या रांगेच्या बरंच पूर्वेला असल्याने पुष्कळ वादळं त्याला चुकवून उत्तरेकडून जातात, पण भरवसा धरता येत नाही. जुलै २०२४ च्या सुरुवातीला बेरिल वादळ दक्षिणेकडून गेलं तरी लाटांनी इथल्या मच्छीमारांच्या होड्या मोडून टाकल्या.

मला विचाराल तर एप्रिलची अखेर आणि मे महिना. दर खाली आलेले असतात, पाऊस लागलेला नसतो. अमेरिकेतल्या मराठी घरांना मुलांच्या शाळा चालू असल्यामुळे ते जमत नाही, हे खरं. त्यांनी जूनचा दुसरा पंधरवडा घ्यावा, आणि प्रवास विमा मात्र वादळ झाल्यास पैसे देणारा असावा. वादळाला नाव पडल्यावर काढलेल्या विम्यात ते वादळ धरलं जात नाही, म्हणून बुकिंगच्याच दिवशी काढा.

व्हिसा आणि वाट

पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि निघण्याआधी भरलेला ऑनलाइन इमिग्रेशन-कस्टम फॉर्म हाताशी ठेवा. खरी मेख आहे वाटेवरच्या देशांची. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर विमान बदलण्यापुरताही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे गेलात तर ट्रान्झिटचे नियम बघावे लागतात, आणि हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर तुम्ही यूकेत प्रवेश करता, त्याचा व्हिसा वेगळा.

अमेरिकेत एच-१बी वर असणाऱ्यांनी पुढचं वाक्य दोनदा वाचावं. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला असेल तर कॅनडा-मेक्सिकोहून तीस दिवसांच्या आत परतण्याची जी सवलत आहे, ती एच-१बी वाल्यांना कॅरिबियन बेटांसाठी मिळत नाही. शिक्का चालू नसेल तर बार्बाडोसला जाऊ नका. पोर्तो रिको आणि यूएस व्हर्जिन आयलंड्स हा अमेरिकेचाच भाग असल्यामुळे त्यांचा विचार करता येईल. कागदपत्रं मात्र सोबत ठेवा.

सहलीला जोडून त्रिनिदादला जायचं असेल आणि तिथून लगेच भारतात परतणार असाल, तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेऊन प्रमाणपत्र जवळ ठेवा. भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे आणि प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात.

खोली निवडताना शब्द नीट वाचा

‘ओशन फ्रंट’ म्हणजे खोलीसमोर थेट समुद्र. ‘ओशन व्ह्यू’ म्हणजे समुद्र दिसतो, पण मध्ये बाग, पोहण्याचा तलाव किंवा दुसरी इमारत असू शकते. ‘पार्शल व्ह्यू’ म्हणजे गॅलरीच्या कोपऱ्यात उभं राहून मान वळवली की दिसतो. ‘गार्डन व्ह्यू’चे पैसे बरेच कमी असतात. पश्चिम किनाऱ्यावरची जुनी हॉटेलं झाडीत लपलेल्या बैठ्या बंगल्यांची आहेत, तिथे बागेतली खोलीही फार सुखाची असते. दिवस किनाऱ्यावरच जाणार असेल तर मी बागेतली खोली घेऊन वाचलेल्या पैशांत दोन रात्री वाढवीन.

हॉटेल रस्ता आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे का, हे नकाशावर पाहा. बहुतेक आहेत, कारण हायवे वन किनाऱ्याला लागूनच जातो. रस्त्याकडची खोली नको असं बुकिंगमध्येच लिहा. पायऱ्या चढवत नसतील तर तळमजला मागा. दोन मजली जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही.

मुलांबाबत आधी विचारा. काही हॉटेलं केवळ प्रौढांसाठी असतात, काही ऐन सीझनमधले ठरावीक आठवडे लहानांना घेत नाहीत, आणि काही ठिकाणी संध्याकाळी सातनंतर मुख्य भोजनगृहात चिमुरड्यांना बसू देत नाहीत.

जेवणाच्या प्लॅनवर सर्वाधिक पैसे वाया जातात. ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये तिन्ही जेवणं, दारू, बहुतेक खेळ सगळं धरलेलं असतं. ही पद्धत जमैकात फोफावली आणि तिथल्या मोठ्या रिसॉर्टांना ती शोभतेही. पण तुमच्या घरात कोणी पीत नसेल तर तुम्ही दुसऱ्यांच्या रमचे पैसे भरता. बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावर बाहेर जेवायच्या जागा इतक्या चांगल्या आहेत की फक्त नाश्ता असलेला, फार तर नाश्ता आणि रात्रीचं जेवण असलेला प्लॅन पुरतो. शेवटची गोष्ट: दाखवलेल्या दरावर व्हॅट, सरकारी लेव्ही आणि साधारण दहा टक्के सर्व्हिस चार्ज चढतो. ‘सगळं धरून किती?’ हा प्रश्न लेखी विचारा.

बॅगेत काय असावं

लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची चड्डी, टोपी, लहान मुलाचा टी-शर्टसुद्धा नाही. बार्बाडोसमध्ये सैन्याशिवाय इतरांनी ते घालणं कायद्याने गुन्हा आहे. रात्रीच्या जेवणासाठी पुरुषांना लांब पँट, कॉलरचा शर्ट आणि बंद बूट किंवा नीट सँडल लागतात. बायकांना सुती ड्रेस, कुर्ता, हलकी साडी, सगळं चालतं आणि छान दिसतं. वीज ११५ व्होल्ट, प्लग अमेरिकेसारखा चपट्या पिनांचा. प्रवाळांना अपाय न करणारं सनस्क्रीन, डासांचं मलम, खडकांवर चालायला पाण्यातले बूट आणि पोहताना अंगभर घालायचा रॅशगार्ड घ्या. चहा मसाल्याची पुडी आणि मेतकूट घेऊन जाणाऱ्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही, फक्त कस्टमच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत असं लिहा.

पहिला दिवस

विमानतळ दक्षिणेला, हॉटेल पश्चिमेला. टॅक्सीने पाऊणएक तास. टॅक्सीला मीटर नसतो, भाडी ठरलेली असतात, तरी बसण्याआधी आकडा विचारा आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा: कुठले डॉलर? बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. हा दर १९७५ पासून बदललेला नाही, दोन्ही नोटा सर्रास चालतात, आणि म्हणूनच नुसतं ‘एटी डॉलर्स’ ऐकून काहीच कळत नाही. हा प्रश्न आठवडाभर, प्रत्येक दुकानात विचारायचा.

हॉटेलात थंड टॉवेल आणि रम पंच किंवा फळांचा रस देऊन स्वागत होतं. चेक-इन बहुधा तीन वाजता. लवकर पोचलात तर सामान ठेवून घेतात आणि किनारा वापरू देतात, म्हणून पोहायचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा. नळाचं पाणी पिण्यालायक आहे. हे बेट प्रवाळी चुनखडीचं आहे, पावसाचं पाणी त्यातून गाळून खाली साठतं.

भारतापेक्षा घड्याळ साडेनऊ तास मागे. पहिले दोन दिवस पहाटे चारला जाग येणार. पडून राहू नका, उजाडताच किनाऱ्यावर जा. सकाळी सहा ते आठ हा तिथला सर्वांत सुंदर वेळ. स्थानिक म्हातारी माणसं कमरेइतक्या पाण्यात गप्पा मारत उभी असतात. त्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. या बेटावर आधी अभिवादन, मग कामाचं बोलणं, हा नियम आहे. बसमध्ये चढताना, दुकानात शिरताना, वेटरला हाक मारताना, सगळीकडे. थेट ‘एक्स्क्यूज मी, टॉवेल’ म्हटलं तर ते उद्धट वाटतं. या बेटाने साखरेच्या मळ्यांवरची गुलामगिरी दोनशे वर्षं सोसली. नोकराला हुकूम सोडावा तसा स्वर इथे फार खोल लागतो, आणि आपण भारतीयांनी तो टाळायलाच हवा.

किनाऱ्यावरचा दिवस

खुर्च्या, छत्र्या आणि टॉवेल हॉटेलचे. वाळू मात्र कोणाचीही नाही. बार्बाडोसचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत. म्हणजे हजार डॉलरच्या खोलीसमोरूनही शाळकरी मुलं चेंडू खेळत जाणार, आणि कोरफड, मण्यांच्या माळा, जेट-स्की विकणारेही येणार. काही पाहुण्यांना याचा राग येतो. मला ही या बेटाची सर्वांत चांगली गोष्ट वाटते. नको असेल तर हसून, नजरेला नजर देऊन ‘नो, थँक यू’ म्हणायचं. ते पुढे जातात.

कयाक, पॅडल बोर्ड, स्नॉर्केलचं सामान, छोटी शिडाची होडी हे बहुतेक हॉटेलांत फुकट असतं. मोटारबोटीचे खेळ कुठे धरलेले, कुठे वेगळे. जेट-स्की बाहेरच्या माणसाकडून घ्यायची तर विमा आणि लाइफ जॅकेट विचारूनच. अर्ध्या दिवसाची कॅटामरान (जोडतळाची मोठी होडी) सफर जरूर करा. कासवांसोबत पोहणं आणि बुडालेल्या जहाजांवरचं स्नॉर्केलिंग त्यात असतं. कासवाला हात लावायचा नाही, खाऊ घालायचं नाही. मे ते ऑक्टोबर हॉक्सबिल कासवांच्या माद्या रात्री याच वाळूत अंडी घालायला येतात. त्या काळात किनाऱ्याकडचे दिवे मंद केलेले दिसले तर तक्रार करू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. मादी दिसली तर टॉर्च आणि फ्लॅश बंद, आणि हॉटेलच्या माणसाला कळवा, म्हणजे ते कासव प्रकल्पाच्या लोकांना बोलावतात.

आता एक झाड ओळखून ठेवा, मँचिनील. किनाऱ्यालगत दाट सावली देणारं, चकचकीत हिरव्या पानांचं, लहान हिरव्या सफरचंदासारखी गोड वासाची फळं खाली पडलेली. बुंध्यावर बहुधा लाल पट्टा रंगवलेला किंवा पाटी लावलेली असते. फळ खाल्लं तर घसा भाजून सुजतो, चीक लागला तर कातडीला फोड येतात. सगळ्यात महत्त्वाचं: पाऊस आला की त्याखाली आडोशाला उभं राहायचं नाही, कारण पानांवरून ओघळणाऱ्या पाण्यातही तो चीक उतरतो. वाळू धरून ठेवत असल्याने ही झाडं मुद्दाम तोडत नाहीत. मुलांना पहिल्याच दिवशी त्या झाडाजवळ नेऊन, लांबून, लाल पट्टा दाखवा.

हिवाळ्यात कधी कधी उत्तरेकडून मोठी लाट येते आणि दोन-तीन दिवस शांत पश्चिम किनाराही खवळतो, वाळूची पट्टी अरुंद होते. ते दिवस बेट पाहायला ठेवा.

खाणं, विशेषतः शाकाहारींचं

बुकिंग झालं की लगेच आणि जायच्या आठवडाभर आधी पुन्हा, दोनदा ईमेल करा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहू नका. अंडी चालतात का, मासे आणि चिकनचा स्टॉक चालत नाही, चीजमधलं रेनेट (चीज घट्ट करायला वापरतात ते, बऱ्याचदा प्राण्यांच्या पोटातून काढलेलं) चालतं का, कांदा-लसूण नको असेल तर तेही, असं सगळं एकेका ओळीत लिहा. मोठ्या हॉटेलांतले शेफ हे मनापासून करतात. स्वयंपाकघरात त्रिनिदाद-गयानाचं कोणी असेल तर डाळ आणि रोटीही मिळू शकते.

बाहेर खाताना जपायचं ते ‘राइस अँड पीज’बाबत. दिसायला साधा वाटाण्याचा भात, पण त्यात बऱ्याचदा खारवलेलं डुकराचं मांस घालतात. कूकू हा मक्याच्या पिठाचा आणि भेंडीचा घट्ट पदार्थ, तो स्वतः शाकाहारी; वर उडत्या माशांचा रस्सा घालतात, तो घालू नका म्हणायचं. मॅकरोनी पाय, भाजलेला ब्रेडफ्रूट (नीरफणस), तळलेलं पिकलं प्लँटेन (मोठं भाजीचं केळं), भोपळ्याचे गोड वडे ही भरवशाची मंडळी. पिवळा मिरचीचा सॉस मोहरी आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा असतो. आपल्याला तिखट चालतं या भ्रमात चमचाभर घेऊ नका, थेंबाने सुरू करा.

मासे खाणाऱ्यांनी शुक्रवारी रात्री दक्षिणेला ऑइस्टिन्सला जावं. मच्छीबाजाराशेजारी जाळीवर मार्लिन, माहीमाही भाजत असतात, लांब बाकांवर सगळे एकत्र बसतात. हॉटेलमधल्या एका जेवणाच्या पैशांत चौघं पोटभर जेवतात.

हॉटेलातला नाश्ता उघड्या व्हरांड्यात असतो आणि तिथे एक छोटा तपकिरी पक्षी तुमच्या टेबलावर नक्की उतरेल, बार्बाडोस बुलफिंच. हा जगात फक्त याच बेटावर सापडतो. साखरेची कागदी पुडी पायाखाली दाबून चोचीने फाडतो आणि साखर खातो. म्हणून साखरेच्या वाटीवर झाकण असतं.

संध्याकाळ

सूर्य वर्षभर साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो आणि काळोख भराभर पडतो. बऱ्याच हॉटेलांत चारला इंग्रजी पद्धतीचा चहा मिळतो, तो बहुधा दरातच धरलेला असतो. अंधार पडला की झाडीतून अखंड शिट्ट्या सुरू होतात. ते किडे नव्हेत, इंचभर लांबीचे बेडूक आहेत, आणि पाऊस पडून गेला की आणखी रंगात येतात. झोप सावध असेल तर खिडक्या मिटा.

फाटकाबाहेर

बसने जा. निळ्या सरकारी, पिवळ्या मिनीबस आणि पांढऱ्या झेडआर व्हॅन, तिन्हींचं भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे पैसे परत मिळत नाहीत. थांब्यावरची पाटी वाचली की झालं: ‘टू सिटी’ म्हणजे राजधानी ब्रिजटाउनकडे, ‘आउट ऑफ सिटी’ म्हणजे उलट दिशेला.

ब्रिजटाउनमध्ये केन्सिंग्टन ओव्हल या क्रिकेट मैदानावर गेल्याशिवाय मराठी माणसाने परतू नये. १९७१ च्या दौऱ्यात अजित वाडेकरांचा संघ इथे हरला असता तर मालिकेतली आघाडी गेली असती. पहिल्या डावात दिलीप सरदेसाईंनी १५० केल्या, दुसऱ्यात सुनील गावसकर ११७ वर नाबाद राहिले, सामना वाचला आणि वेस्ट इंडीजमधला पहिला मालिका विजय भारताच्या हाती आला. याच मैदानावर २९ जून २०२४ ला रोहित शर्माच्या संघाने टी-२० विश्वचषक जिंकला. बाहेर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे. टॅक्सीवाल्याशी एकदा गावसकरांचा विषय काढा, पुढचा तास तोच बोलेल.

दुसरा दिवस गाडी-ड्रायव्हर घेऊन पूर्वेला: बाथशीबाचे खडक, खोल दरीत फुलवलेली हंट्स गार्डन्स, हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा, आणि उत्तरेला सेंट निकोलस ॲबी हे सतराव्या शतकातलं मळ्याचं घर. तिथली रम चाखाच, पण त्या घरामागच्या ऊसमळ्यात कोण राबलं हेही मार्गदर्शकाला विचारा.

निघताना

आदल्या रात्रीच बिल मागून ओळ न ओळ तपासा. सर्व्हिस चार्ज लागलेला असेल तर वेगळी टिप सक्तीची नाही. खोली आवरणाऱ्या बाईंना आणि किनाऱ्यावरच्या मुलाला हातात दिलेले डॉलर मात्र थेट त्यांना पोचतात. रमच्या बाटल्या घेतल्या आणि वाटेत अमेरिकेत उतरायचं असेल, तर तिथे सामान ताब्यात घेऊन पुन्हा चढवावं लागतं. त्या वेळी हातातली बाटली मोठ्या बॅगेत टाका, नाहीतर पुढच्या तपासणीत अडकू शकते. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते.